गोजिरा कुणाला म्हणायलाय रे?

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देता देता 'गॉडझिला सिंग्युलर पॉइंट' ह्या जपानी ॲनिमेचं (म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकेचं) नाव सहज घेतलं आणि फसलो बघा. ह्यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त त्याचीच. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, ह्या अंकात नुसते राक्षस. ज्यांनी बघितली नाही त्यांना थोडक्यात सांगतो. २०२१ ची मालिका, १३ भाग, नेटफ्लिक्सवर. गोष्ट २०३० सालातली. जपानच्या चिबा भागात निगाशिओ नावाचं गाव (खोटं, गोष्टीपुरतं), तिथल्या एका रिकाम्या बंगल्यात रेडिओवर कसलंतरी गाणं वाजायलाय, मग जत्रेच्या दिवशी आभाळातनं एक पंखवाला राक्षस उतरतो, मग एकामागनं एक यायलाच लागतात, सगळीकडं लाल धूळ, आणि मग तो थोरला, गॉडझिला. मेई कामिनो नावाची शिकणारी पोरगी आणि युन आरिकावा नावाचा वर्कशॉपमधला पोरगा, हे दोघं ह्या सगळ्याचा हिशोब लावायच्या मागं, आणि गंमत म्हणजे दोघं बरेच भाग समोरासमोर येतच नाहीत, सगळं मेसेजवर. शेवट सांगणार नाही, विचारू पण नका.

माझा मुलगा आठवीत आहे. दिवसभर गोजिरा गोजिरा करायलाय. मला वाटलं कुठलंतरी कुत्र्याचं पिल्लू वगैरे असंल. काल मागं उभारून बघितलं तर हा एवढा थोरला राक्षस गाव मोडायलाय. ह्याला गोजिरा कोण म्हणतं? आणि हे बघून पोरगं बिघडणार नाही न्हवं? — एक आई, शहापूर

ताई, हसू आलं, माफ करा. आपल्याकडं साजिरं गोजिरं म्हणजे पाळण्यातलं बाळ, आणि जपान्यांचा गोजिरा म्हणजे शेपटीच्या एका फटक्यात अख्खी खडेबाजार सपाट. त्यांनी गोरिला आणि कुजिरा हे दोन शब्द एकत्र केले. कुजिरा म्हणजे देवमासा. गोरिलातला गो, कुजिरातला जिरा, झाला गोजिरा. ते अमेरिकेत जाऊन गॉडझिला झालं. म्हणजे मुलगा मूळ नाव बरोबर म्हणायलाय, उलट आपणच चुकीचं म्हणतोय.

बिघडायचं म्हणाल तर ह्या मालिकेत रक्तबिक्त फार नाही. भीती आहे, गर्दीत माणसं पळायल्यात, घरं पडायल्यात, ते आहे. पण बातम्यांच्या चॅनेलवर संध्याकाळी आठला जे चालतं त्याच्यापेक्षा सभ्य आहे हे मी लिहून देतो. खरा त्रास वेगळाच आहे, ह्यात लोक बोलतात लई. गणित, प्रकाश, काळ, असलं बोलत बसतात आणि राक्षस मागं दाराशी उभा. मी स्वतः पहिल्यांदा चौथ्या भागात झोपलो आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासनं लावली. तुमचा आठवीतला पोरगा हे सगळं बसून बघायलाय म्हणजे त्याचं डोकं चालायलाय. पहिले दोन भाग त्याच्याशेजारी बसून बघा की, आणि मधनंच विचारा "हे काय झालं रे?" बघा कसा खुलून सांगतो. जेवताना मोबाइल मात्र बंद, तिथं मी तुमच्याच बाजूचा.

मी ७४ वर्षांचा. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलं. नातू जे बघतो ते मी पण बघतो. माझा एकच प्रश्न, ह्या जपानी लोकांना दुसरं काही सुचत नाही काय? सत्तर वर्षं तोच राक्षस, तेच गाव मोडायचं. — एक आजोबा, निपाणी

आजोबा, तुमचा प्रश्न ह्यावेळच्या सगळ्या पत्रांत मला जड गेला.

१९५४ सालात जा. हिरोशिमा-नागासाकीला नऊ वर्षं झालेली. १ मार्चला अमेरिकेनं पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तो अंदाजापेक्षा कितीतरी मोठा फुटला. धोक्याची म्हणून जाहीर केलेल्या हद्दीच्या बाहेर एक जपानी मासेमारी बोट होती, दाइगो फुकुर्यू मारू, म्हणजे भाग्यवान ड्रॅगन नंबर पाच. नाव बघा आणि नशीब बघा. बोटीवर २३ माणसं. पहाटे पश्चिमेला उजेड दिसला, मग काही तासांनी आभाळातनं पांढरी राख पडायला लागली. ती राख म्हणजे जळलेल्या प्रवाळाचा भुगा, किरणोत्सर्गी. त्यांना काय माहीत, अंगावर घेत गळांचे दोर ओढत राहिले. घरी पोचेस्तोवर सगळे आजारी. बोटीचा रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेला. मधल्या काळात जपानभर बाजारातला ट्युना मासा मोजून मोजून पुरून टाकला, लोकांनी मासे खायचं सोडलं.

आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पहिला गोजिरा सिनेमा आला, इशिरो होंडा दिग्दर्शक. सिनेमा सुरू कसा होतो, तर समुद्रात एक बोट, एकदम डोळे दिपवणारा उजेड, आणि बोट संपली. थेटरात बसलेल्या कुणालाही सांगायची गरज नव्हती की हे काय आहे. बॉम्बनं समुद्राच्या तळाचं जनावर उठवलं, आणि ते आता आमच्याच गावावर चालून यायलंय, एवढीच ती गोष्ट.

म्हणून तोच राक्षस आणि तेच गाव. प्रत्येक पिढी त्याच्यात आपली भीती घालते. कधी भूकंप, कधी अणुभट्टी. ह्या २०२१ च्या मालिकेत ती लाल धूळ आहे न्हवं, जी राक्षसांच्या अंगातनं निघती आणि हळूहळू सगळं शहर लाल होतं, ती बघताना मला ती पांढरी राखच आठवत होती. हा माझा अंदाज, बनवणाऱ्यांनी असं म्हटलंय असं नाही. तंबाखूच्या वखारीत उन्हाच्या तिरपेत धूळ तरंगताना तुम्ही जन्मभर बघितलीय. ती धूळ छातीत काय करती ते तुम्हाला नातवापेक्षा जास्त कळतं. आता परत एकदा तो लाल शहराचा भाग लावा.

उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे. त्या मालिकेतली ओताकी फॅक्टरी बघितली आणि म्हटलं अरे ही तर आमचीच शेड! तसलाच पसारा, तसलाच म्हातारा मालक. तर तो जेट जॅग्वार रोबो आमच्याकडं बनंल काय? शेठना विचारलं तर म्हणाले आधी शनिवारचं डिस्पॅच काढ. — एक ऑपरेटर, बेळगाव

शेठ बरोबर बोलले, पण भावा तुझं पण बरोबर आहे.

मला ही मालिका आवडायचं खरं कारण राक्षस नाहीच, ही शेड आहे. एरवी असल्या गोष्टीत जग वाचवायला लष्कर येतं, पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ येतात, जमिनीखाली गुप्त तळ असतो. इथं काय, तर ओताकी नावाचा एक चक्रम म्हातारा, ज्याला पहिल्यापासनं वाटायलंय की पृथ्वीवर संकट येणार, आणि त्याच्या हाताखाली दोन पोरं, जी कुणाचं काय बिघडलंय ते दुरुस्त करून देतात. जत्रेत दाखवायला म्हणून केलेला रोबो, आणि राक्षस आल्यावर तोच पुढं. सुरुवातीला म्हातारा स्वतः आत बसून चालवतो! मार खातो, मोडतो, परत शेडमध्ये येतो, परत उभा राहतो. अंगावर मात्र जुन्याच खुणा. हे कुणाला कळणार, तर ज्यानं ब्रेकडाउनला रात्री दोन वाजता बेअरिंग बदललंय त्याला.

आता बनंल काय. सुटं सुटं बघितलं तर निम्मं तुमच्या आसपासच बनतं. अंगाचं कास्टिंग? बेळगाव त्याच्यासाठीच प्रसिद्ध. पॅटर्न म्हणजे नमुना करायचा, सँडमध्ये त्याचा मोल्ड म्हणजे साचा, आत पोकळीसाठी कोअर बसवायचा, भट्टीतनं ओतायचं, मग फेटलिंग, म्हणजे जादा धातू घासून काढायचा, मग तुझ्या मशीनवर. हात-पाय हलवायला हायड्रॉलिक सिलिंडर, तेही उद्यमबागेत मिळतात. माझा मेव्हणा तिथंच एका शेडमध्ये आहे, त्याला हा प्रश्न विचारला तर त्यानं आधी गंभीरपणे कोटेशन काढलं आणि मग म्हणाला, "पेमेंट ॲडव्हान्स पाहिजे, आणि उभा राहील ह्याची गॅरंटी नाही."

तिथंच सगळं अडतं. हात बनतो, पाय बनतो, तोल बनत नाही. योकोहामाला २०२० च्या डिसेंबरात एक खराखुरा हलणारा गुंडम (हा पण ॲनिमेतलाच) रोबो उभा केला होता, १८ मीटर उंच, २५ टन, २०२४ पर्यंत होता. हात हलवायचा, गुडघा टेकायचा, लोक तिकीट काढून बघायचे. पण तो स्वतःच्या पायावर उभाच नव्हता. पाठीमागनं एका मोठ्या सांगाड्यानं त्याला कंबरेला धरलेलं. जपानच्या कंपन्या एकत्र आल्या तरी इथपर्यंतच. माणूस चालताना दर पावलाला पडतो आणि सावरतो, आणि २५ टनाला सावरायचं म्हणजे तेवढ्या वेळात तेवढी ताकद पाहिजे आणि खालची फरशी पण पाहिजे, आपल्या उद्यमबागेतला रस्ता आठव, पावसात रिक्षा सावरत नाही.

जाता जाता, जेट जॅग्वार ह्या मालिकेतला नवा नाही. १९७३ च्या गॉडझिला सिनेमात तो पहिल्यांदा आला, आणि त्याची मूळ कल्पना एका शाळकरी पोरानं स्पर्धेला पाठवलेल्या रोबोच्या चित्रावरनं निघालेली. तेव्हा डिस्पॅच काढ, पण वहीत चित्र काढत राहा.

गोकाक फॉल्सला जाऊन आलो तेव्हापासनं डोक्यात आहे. गॉडझिला तिथं उभा केला तर किती दिसंल? आणि एवढा मोठा प्राणी खरोखर असू शकतो काय? — गोकाक

असला प्रश्न पाहिजे! गोकाकचा धबधबा ५२ मीटर. १९५४ चा पहिला गॉडझिला ५० मीटर. म्हणजे खाली घटप्रभेच्या पात्रात खडकावर त्याला उभा केला तर टाळू काठाच्या दोन मीटर खाली. पावसाळ्यात वर काठाला मिरची भजी खात उभारलेल्या माणसाला खाली वाकून बघितल्यावर त्याच्या टकलावर तांबडं पाणी आदळताना दिसंल, आणि त्यानं मान वर केली तर भजी आणि तो समोरासमोर. मला वाटतं ही बरोबर उंची आहे. भीती वाटायला राक्षस डोळ्याला डोळा लागेल एवढाच पाहिजे.

पण सिनेमावाल्यांना थांबवायचं कुणी. टोकियोत उंच इमारती व्हायला लागल्या तसा हा पण वाढायला लागला, नाहीतर बिल्डिंगच्या मागं दिसलाच नसता. १९८४ ला ८० मीटर. २०१६ ला ११८.५ मीटर, म्हणजे आपल्या बेळगावच्या किल्ला तलावाजवळचा ११० मीटरचा ध्वजस्तंभ पण त्याला खांद्याच्या आसपास. २०१७ च्या ॲनिमे सिनेमात तर ३०० मीटर, गोकाकचे पावणेसहा धबधबे एकावर एक. 'सिंग्युलर पॉइंट'मध्ये तो एका मापात राहातच नाही, आधी पाण्यातला, मग पाण्या-जमिनीवरचा, मग जमिनीवरचा, दर रूपाला अंग वेगळं आणि आकार वाढता.

आता असू शकतो काय. नाही. कारण सोपं आहे, उसाच्या ट्रॉलीचं. समजा कारखान्याला ऊस नेणारी ट्रॉली तुम्ही लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केली. ऊस किती बसंल? दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट. ॲक्सल पण दुप्पट जाड केला, तर त्याचं पोट, म्हणजे कापून बघितलं तर दिसणारा गोल, तो दोन गुणिले दोन, चौपटच. वजन आठपट आणि धरणारा चौपट. म्हणजे ॲक्सलवरचा ताण दुप्पट. संकेश्वरच्या रस्त्यावर मोडून पडलेली ट्रॉली बघितली असशील, तिथं कुणी सूत्र लिहीत नाही पण तेच असतं.

हेच हाडाचं. गॅलिलिओनं १६३८ च्या पुस्तकात हे मांडलं, लहान आणि मोठ्या जनावराच्या हाडाचं चित्र काढून दाखवलं की मोठ्याचं हाड नुसतं लांब करून चालत नाही, बेढब जाड करावं लागतं. तुम्ही-मी पावणेदोन मीटरच्या आतले, सत्तर किलोचे. आपल्याला तीसपट केलं की झाले साधारण ५० मीटर. वजन तीसपट नाही, २७ हजारपट, १,८९० टन. हाड कापलं तर दिसणारा गोल मात्र ९०० पटच. म्हणजे प्रत्येक हाडावर आताच्या तीसपट ताण. उभं राहायच्या आधीच मांडी मोडली. म्हणून जगातलं सगळ्यात जड जनावर, निळा देवमासा, पाण्यात राहतो. त्याला पाणी उचलून धरतं. किनाऱ्यावर अडकला तर स्वतःच्याच वजनानं गुदमरतो.

आणि हीच शंका मालिकेतल्या मेईची पण आहे. ती शिकतेच ते: अस्तित्वात नसलेल्या प्राण्यांचं जीवशास्त्र. असला प्राणी असता तर त्याचं पोट कसं चाललं असतं, हाड कसं असतं. सगळे हसतात तिला. मग एक दिवस तो प्राणी समोर येतो आणि लोक तिला विचारायला लागतात.

बारावी सायन्स. मालिकेतलं आर्किटाइप काही केल्या कळत नाही. भविष्यातनं उत्तर येतं म्हणजे काय? फिजिक्सच्या सरांना विचारलं तर म्हणाले बोर्डाचं बघ. — खानापूर

आर्किटाइप हा त्या मालिकेतला खोटा पदार्थ. काच प्रकाशाला वाकवते, हा पदार्थ प्रकाशाला काळात वाकवतो, असं त्यांनी धरलंय. म्हणून त्याच्यात जेवढी ऊर्जा गेली त्याच्यापेक्षा जास्त बाहेर येताना दिसते, आणि म्हणून त्याच्यावर असलं यंत्र करायचं स्वप्न की जे अजून न केलेल्या गणिताचं उत्तर आधीच देईल. राक्षसांच्या अंगात पण हाच पदार्थ, म्हणूनच वरचं हाडाचं गणित त्यांना लागू होत नाही. अँगिरस नावाचा काट्यांचा राक्षस गोळी यायच्या आधीच बाजूला होतो, कारण ती येणार हे त्याला दिसलेलं असतं. तो भाग परत बघ, शिकारीचा. सगळ्यात चांगला तोच.

खऱ्या फिजिक्समध्ये पहिलाच नियम आडवा येतो, ऊर्जा निर्माण होत नाही. पंपानं पाणी वर चढवायचं, त्याच पाण्यावर टर्बाइन फिरवायचं आणि त्याच विजेवर तोच पंप, असला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर दर महिन्याला येतो न्हवं, तसलंच हे. आणि भविष्यातल्या उत्तराची गोम अशी: समज तुला तुझीच मार्चमधली उत्तरपत्रिका आज मिळाली. तू पाठ केलीस, मार्चमध्ये तेच लिहिलंस. आता सांग, ते गणित सोडवलं कुणी? आजच्या तू नाही, मार्चच्या तू पण नाही. उत्तर आहे आणि सोडवणारा कोणीच नाही. मालिका ह्याच गाठीभोवती फिरते.

पटकथा लिहिलीय टो एन्जो ह्या लेखकानं. तो भौतिकशास्त्रातला डॉक्टरेट, आणि २०१२ ला त्याला जपानचं मोठं साहित्याचं अकुतागावा पारितोषिक मिळालं. त्यामुळं एका बघण्यात कळलं नाही तर दोष तुझा नाही. सरांचाही नाही. पण बोर्डाचं बघच.

गॉडझिलाचा तो आवाज रिंगटोन लावलाय, घरातले ओरडायल्यात. तो कुठल्या प्राण्याचा? — अथणी

कुठल्याच नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे ह्यांनी डबल बास ह्या थोरल्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या तारा ढिल्या केल्या आणि त्याच्यावरनं राळ लावलेला चामडी हातमोजा ओढला, मग ते रेकॉर्डिंग कमी वेगानं वाजवलं. रिंगटोन काढ, घरात म्हातारी माणसं असतात.

मी मराठी, माझा दोस्त कन्नड. एकत्र बघतो. कुठल्या भाषेत बघावं ह्यावर रोज वाद. — चिक्कोडी

जपानीत बघा, खाली इंग्रजी सबटायटल. दोघांनाही सारखंच कळणार नाही, वाद मिटला. राक्षस आल्यावर "अय्यो" तर दोघं एकदमच म्हणताय न्हवं.

हे पत्र छापलं नाही तरी चालंल. वय ३१. सैन्यात जायचं म्हणून सतरा वर्षांचा असल्यापासनं पळालो, मराठा सेंटरच्या भरतीला तीनदा उभारलो, तीनदा मागं आलो. आता वय गेलं. सध्या एका ठिकाणी हाउसकीपिंगला आहे. भाच्यानं सांगितलं मामा तू काइजू नंबर आठ बघ, तुझ्यासारखाच आहे. बघावं काय? — येळ्ळूर

छापतोय, कारण असली पत्रं एकटी नसतात.

दादा, भाचा हुशार आहे. ही वेगळी मालिका, २०२४ ला सुरू झाली, मूळ नाओया मात्सुमोतोची कॉमिक. त्यातला काफ्का हिबिनो ३२ वर्षांचा. राक्षसांशी लढणाऱ्या दलात जायचं लहानपणचं स्वप्न, परीक्षा देऊन देऊन नापास, आणि नोकरी काय, तर दलानं मारलेल्या राक्षसाचं मढं साफ करायची. टीव्हीवर लढणाऱ्यांचे फोटो, आणि हा दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचे बूट घालून आतडी उचलायलाय. पहिला भाग जवळजवळ ह्याच्यावरच आहे आणि मला तोच सगळ्यात आवडला. पुढं भरतीचं वय वाढतं, ३३ च्या आतल्यांना संधी, आणि मग बाकीचं. पुढचं फिल्मी आहे, खऱ्या आयुष्यात असं वय वाढत नसतं हे मी तुम्हाला काय सांगणार.

पण एक बघा. तिथं कुठला अवयव आधी कापायचा, कुठं हात लावला की घाण उडते, हे त्याला साफसफाईमुळं पाठ असतं, आणि ते नव्या भरतीच्या पोरांना माहीत नसतं. बघा. पहिला भाग एकट्यानं, मग भाच्याबरोबर. आणि त्याला पळायला लावा सकाळी, तो सतराचा होईल एक दिवस.

मी आठवीत आहे, शहापूर. माझ्या आईनं तुम्हाला पत्र लिहिलंय असं मला वाटायलंय, तिला हे सांगू नका. दिवाळीच्या किल्ल्यात मला गोजिरा ठेवायचाय. किती मोठा करू? आणि मोबाइलवर शूटिंग करायचंय, पण मागच्या वेळी केलं तर खेळण्यासारखं दिसलं. — नाव छापू नका

नाव छापत नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही, पण अंक घरी येतो हे लक्षात ठेव.

तुझ्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा किती उंच? मोजून बघ, सात सेंटीमीटरच्या आसपास भरंल. खरा माणूस पावणेदोन मीटर धरला तर तुझा किल्ला एकास पंचवीस मापाचा झाला. आता मजा ऐक, १९५४ च्या सिनेमात एजी त्सुबुराया ह्यांनी टोकियोचं जे छोटं शहर बांधलं होतं ते पण एकास पंचवीसच! ५० मीटरचा गोजिरा पंचवीसनं भागला की दोन मीटर, म्हणजे रबराच्या सूटमधला माणूस. तो सूट शंभर किलोच्या आसपास होता, आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट, वरनं लाइटचा उकाडा. शिवजयंतीच्या चित्ररथावर अफझलखान झालेल्या माणसाला मिशी चिकटवून चार तास ट्रॅक्टरवर उभारायला लागतं, त्याला विचार, तो सांगंल थोडंफार.

म्हणजे मातीचा गोजिरा दोन मीटरचा करावा लागंल, ते तुला जमणार नाही. तूच हो गोजिरा. तू दीड मीटरचा असशील तर ह्या मापात साडेसदतीस मीटरचा झालास, पोरगेला गोजिरा, चालतंय.

आणि खेळण्यासारखं का दिसलं तर वेगामुळं. ५० मीटरवरनं दगड पडला तर खाली यायला तीन सेकंदाच्या वर लागतात, दोन मीटरवरनं पाऊण सेकंद पण नाही. बरोबर पाचपट फरक, पंचवीसचं वर्गमूळ. डोळ्याला हे बरोबर कळतं, पटकन पडलं की मेंदू म्हणतो खेळणं. म्हणून त्सुबुरायांनी कॅमेऱ्यातली फिल्म जोरात पळवून शूट केलं, मग नेहमीच्या वेगात दाखवलं, सगळं हळू आणि जड दिसलं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, त्याच्या पाचपट १२०. तुझ्या मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये १२० असतंच, तेच लाव. मोबाइल खाली जमिनीला टेकवून ठेव, मावळ्याच्या डोळ्यातनं वर बघितल्यासारखा. घरं प्लास्टर ऑफ पॅरिसची कर, मातीची ढेकळं नुसती सरकतात, प्लास्टर फुटतं.

फक्त एक, किल्ल्यावर पाय द्यायचा नाही. तो महाराजांचा. शेजारी बुटांच्या खोक्यांचं टोकियो वेगळं मांड, त्याला काय पाहिजे ते कर. आणि शेवटचा शॉट घ्यायच्या आधी आईनं दारात काढलेली रांगोळी कुठं आहे ते बघून घे.